‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणजे नेमकं काय? : जुनी सेडान विकत घेण्याआधी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय वाचून काही जणांनी विचारलं की सर, तत्त्वज्ञान सोडून गॅरेज उघडलंत की काय? तसं काही नाही. आपण या मालेत प्रमाणांविषयी बोलतोय, म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला कळली असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो, याविषयी. प्रत्यक्ष झालं, अनुमान झालं. आज मला अशा प्रमाणाकडे यायचंय जे पुस्तकात वाचलं तर कोरडं वाटतं, पण चार-पाच लाख रुपये खिशातून जायची वेळ आली की एकदम जिवंत होतं.

तुम्ही जुनी गाडी बघायला जाता. डिझायर असेल, अमेझ असेल, सिटी असेल, व्हर्ना असेल. सात-आठ वर्षं वापरलेली. विकणारा म्हणतो, “गाडी एकदम चकाचक आहे, काही प्रॉब्लेम नाही.” तुम्ही एक चक्कर मारता. तुम्हालाही काही जाणवत नाही. आणि मग तुम्हीच घरी येऊन सांगता, “काही प्रॉब्लेम नाही.”

आता बघा, या वाक्याचे दोन अर्थ आहेत. एक, ‘मला दोष दिसला नाही’. दुसरा, ‘दोष नाही’. पहिला तुमच्याबद्दल आहे, दुसरा गाडीबद्दल. पैसे आपण दुसऱ्या अर्थाचे मोजतो आणि हातात असतो फक्त पहिला. या दोहोंमधलं अंतर कसं भरून काढायचं, एवढाच आजचा विषय.

अंधारातला घट

आपल्याकडे मीमांसकांनी हा प्रश्न फार बारकाईनं हाताळलाय. कुमारिल भट्टांच्या परंपरेत ‘अनुपलब्धी’ नावाचं स्वतंत्र प्रमाण मानतात. अद्वैत वेदान्तीही ते मानतात. नैयायिकांना ते वेगळं प्रमाण म्हणून मान्य नाही, पण तो वाद आज बाजूला ठेवू. उदाहरण नेहमीचंच : या जमिनीवर घट नाही, हे मला कसं कळतं? घट दिसत नाही, यावरून.

पण लगेच शंका येते. अंधाऱ्या खोलीतही घट दिसत नाही. मग तिथे घट नाही असं म्हणायचं का? नाही. म्हणून त्यांनी अट घातली, योग्यतेची. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत, मधे आडोसा नको. हे सगळं असूनही दिसला नाही, तरच ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मिळतो. याला म्हणतात योग्य-अनुपलब्धी.

जुन्या गाडीची तपासणी म्हणजे दुसरं काही नाही. प्रत्येक दोषाला त्याचा-त्याचा उजेड लागतो. एक दोष थंड इंजिनात दिसतो, दुसरा तापलेल्या. एक स्पीडब्रेकरवर बोलतो, दुसरा पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर. आणि विकणाऱ्यानं गाडी तुम्हाला कशी दाखवलेली असते? आधीच सुरू करून गरम केलेली, धुऊन पुसून चमकवलेली, गुळगुळीत रस्त्यावर, एसी आणि गाणी लावून. तो खोटं बोलेल असं नाही. पण त्यानं खोलीतला दिवा मात्र मालवलेला असतो. तो आपण लावायचा.

पहिला उजेड : थंड इंजिन

गाडी सकाळी बघायला जा, आणि फोनवरच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर पहिली गोष्ट, बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर नम्रपणे म्हणा, “मी उद्या सकाळी परत येतो.” यात भांडण नाही. तुम्हाला जे बघायचंय ते आज दिसणार नाही, एवढंच.

सुरू करण्याआधी बॉनेट उघडा. डिपस्टिक बाहेर काढा, पुसा, परत घालून काढा. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर दोनच शक्यता : इंजिन ऑइल खातंय, नाहीतर कुठून तरी गळतंय. आणि तिसरी म्हणजे मालकाला पर्वा नाही, ती दोन्हीइतकीच वाईट. मग ऑइल भरण्याचं झाकण फिरवून काढा आणि त्याची आतली बाजू बघा. चहात दूध फाटल्यासारखी पिवळट-पांढरी साय भरपूर दिसली तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय असं समजायला जागा आहे. म्हणजे बहुतेक हेड गॅस्केट गेलंय. थंडीच्या दिवसांत फक्त जवळपास फिरणाऱ्या गाडीत थोडासा ओलावा जमतो, त्याला घाबरू नका. पण तिथेच न थांबता कूलंटची बाटली बघा. त्यात रंगीत कूलंट हवं. गंजट तांबडं पाणी असेल तर वर्षानुवर्षं साधं पाणी ओतलंय. वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटचा संशय बळावला. अनुमानाला दोन हेतू मिळाले की ते पक्कं होतं. हे सगळं थंड इंजिनावरच करायचं. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

आता किल्ली फिरवा, पण लगेच सेल्फ मारू नका. ते का, ते पुढे सांगतो. सुरू केल्यावर एका माणसाला मागे सायलेन्सरपाशी उभं करा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत थोडा खडखडाट चालतो, ऑइल वर चढेपर्यंत. तो तसाच टिकून राहिला तर टायमिंग चेन, टेन्शनर किंवा टॅपेट यांच्याकडे बघावं लागेल. जाड ऑइल घालून हा आवाज काही दिवस दाबता येतो, म्हणून ‘ऑइल कालच बदललंय’ हे ऐकून फार खूश होऊ नका.

धुराबद्दल तर आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना बोलायला आवडतंच. (हशा.) डोंगरावर धूर, म्हणून अग्नी. इथे मात्र धुराचा रंग महत्त्वाचा.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताच निळा भपका आला आणि मग थांबला, तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. वेग देताना सतत निळा येत असेल तर पिस्टन रिंगा झिजल्यात, आणि टर्बो असलेल्या गाडीत टर्बोही. रिंगा म्हणजे इंजिन खोलणं आलं.

पांढरा धूर : थंड सकाळी नुसती वाफ असते, मिनिटा-दोन मिनिटांत विरते. पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि वास गोडसर असला, तर कूलंट सिलिंडरमध्ये जळतंय. परत हेड गॅस्केट.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. डिझेल गाडीत इंजेक्टर, ईजीआर, किंवा नुसता तुंबलेला एअर फिल्टर. यातलं शेवटचं काही शे रुपयांचं काम आहे आणि पहिलं काही हजारांचं. रंगानं जात कळते, किंमत कळत नाही. त्यासाठी मेकॅनिक.

दुसरा उजेड : पेटायलाच हवेत असे दिवे

आता तो किल्लीचा मुद्दा. मला स्वतःला तो सगळ्यात गोड वाटतो.

किल्ली ‘ऑन’ला आणली आणि इंजिन सुरू केलं नाही, की डॅशबोर्डवर इंजिन, ऑइल, बॅटरी, एअरबॅग, एबीएस असे दिवे पेटतात. काही सेकंदांत किंवा इंजिन सुरू झाल्यावर ते विझतात. गाडीनं स्वतःची केलेली ही हजेरी आहे. बहुतेक लोक एवढंच बघतात की चालवताना दिवा पेटलेला नाही ना. पण पेटलेला दिवा लपवायचा सोपा मार्ग काय? तो पेटूच द्यायचा नाही. बल्ब काढायचा, तार तोडायची. मग दिवा दिसत नाही. दोष मात्र आहे तिथेच.

म्हणून दिवा आधी पेटायला हवा, मग विझायला हवा. जो दिवा पेटलाच नाही, त्याच्या विझलेलं असण्याला काही अर्थ नाही. अंधारातल्या घटासारखंच आहे हे.

एअरबॅगच्या बाबतीत हा मुद्दा जिवाशी आहे. अपघातात एकदा फुटलेली एअरबॅग परत बसवायला मोठा खर्च येतो. काही ठिकाणी ती बसवतच नाहीत. वरचं कव्हर नवं लावतात आणि दिवा फसवण्यासाठी तारेत एक छोटा रोधक जोडतात. दिवा अगदी शहाण्यासारखा पेटतो आणि विझतो. हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. स्टिअरिंगच्या मधलं कव्हर आणि डॅशबोर्डचं प्लॅस्टिक रंगानं, पोतानं वेगळं वाटतंय का बघा, आणि स्कॅनर लावून घ्या. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं. मेकॅनिक तिथे स्कॅनर लावून साठवलेले बिघाडाचे कोड वाचतो. त्याला आणखी एक विचारा : कोड अलीकडेच पुसलेत का? कारण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या काही चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात, पुरेसं चालवल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. कोरी पाटी दोन प्रकारची असते, कधी न लिहिलेली आणि नुकतीच पुसलेली.

तिसरा उजेड : रस्ता

चक्कर कशी मारायची? काचा बंद, गाणी बंद, आधी एसीही बंद. आणि बोलणं बंद. विकणारा शेजारी बसून सतत बोलत असेल तर गोड शब्दांत सांगा, “दहा मिनिटं जरा ऐकू द्या.”

खराब रस्ता मुद्दाम निवडा. आपल्याकडे तो शोधायला लांब जावं लागत नाही. (हशा.) स्पीडब्रेकरवरून, खड्ड्यांतून हळू न्या. खट-खट असा आवाज आला तर लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट. धडधड आणि मागून होडीसारखी डुलणारी गाडी म्हणजे शॉकअप गेले. उभ्या गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडा, एकदा वर येऊन ती स्थिर व्हायला हवी. झुलत राहिली तर शॉकअप थकलेत.

मग मोकळं मैदान बघा. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून अगदी हळू गोल फिरवा. मग दुसऱ्या बाजूला. टक-टक-टक असा लयीत आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट झिजलाय. सरळ रस्त्यावर हा दोष तुम्हाला तासभरही ऐकू येणार नाही. योग्यता म्हणतात ती हीच.

क्लच. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज आणि आरपीएमचा काटा झपकन वर गेला पण वेग त्या मानानं वाढला नाही, तर क्लच घसरतोय. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवली तर घसरणारा क्लचही शहाण्यासारखा वागतो. गिअर बदलताना खरखर होतेय का, एखादा गिअर आपोआप सुटतोय का, तेही बघा. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेकवर पाय ठेवून ‘डी’ आणि ‘आर’ आलटून पालटून टाका. फार उशीर किंवा मोठा धक्का नको. चढावर थांबून परत निघून बघा.

ब्रेक. मागे कोणी नाही याची खात्री करून साठच्या वेगातून एकसारखा ब्रेक दाबा. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या-तिकड्या झिजल्यात. गाडी एका बाजूला ओढली तर एका चाकाचा कॅलिपर अडकत असेल. हँडब्रेक उतारावर तपासा, सपाटीवर तो काय पकडतोय ते कळत नाही.

शेवटी एसी पूर्ण लावा आणि गर्दीत शिरा. पंधरा-वीस मिनिटं थांबत-थांबत जाऊ द्या. तापमानाचा काटा मध्यावर राहतोय का? काही गाड्यांत काटाच नसतो, फक्त दिवा असतो, तर तो बघा. रेडिएटरचा पंखा लागतोय का? गाडी थांबलेली असताना एसी कोमट होतोय का? मग बंद करून पाच-दहा मिनिटांनी परत सुरू करा. थंड असताना झटकन सुरू होणाऱ्या काही गाड्या गरम झाल्यावर कुरकुर करतात. आणि परत आल्यावर बॉनेट उघडा. सकाळी धुऊन लख्ख केलेलं इंजिन तुम्ही बघितलं होतं ना? धुतलेल्या इंजिनावर तेलाचा डाग नाही, याला काही अर्थ नव्हता. वीस-पंचवीस किलोमीटर चालल्यावरही डाग नाही, याला अर्थ आहे.

डिकीतलं सत्य

सेडान घेताना लोक पुढे खूप बघतात, मागे कमी. डिकी उघडा, चटई उचला, स्टेपनी बाहेर काढा. खालचा खळगा बघा. कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर, नीटनेटके असतात. तिथला पत्रा सुरकुतलेला, वेल्डिंग ओबडधोबड, रंग वेगळा, असं दिसलं तर मागून जोरात धडक बसलीय. पुढे बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांची डोकी बघा. रंग उडालेला, पान्याच्या खुणा असतील तर ते खोललेत. दारांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, उन्हात तिरकं उभं राहून पत्रा लाटेसारखा दिसतो का? एखादा दरवाजा रंगवलेला असणं हा काही गुन्हा नाही, आपल्या गल्ल्यांत घासल्याशिवाय गाडी राहत नाही. पण इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे ॲप्रन, चासी, छताचे खांब यांना हात लागला असेल तर ती गाडी सोडा. पुढच्या अपघातात तुमचा जीव त्या पत्र्यावर अवलंबून असतो.

त्याच खळग्यात वाळलेला गाळ सापडला तर सावध व्हा. आपल्याकडे २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१च्या जुलैमध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा गाड्याही बुडाल्या. बुडालेली गाडी दुरुस्त करून विकणं बेकायदा नाही, पण न सांगता विकलेली गाडी पुढची कित्येक वर्षं एकेक वायर कुजवत राहते. खुणा कुठे? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, जो भाग एरवी आत गुंडाळलेला असतो तिथे मातीचा पट्टा दिसतो. सीटखालचे रूळ आणि बोल्ट गंजलेत का? हेडलॅम्पच्या आत पाण्याची रेघ आहे का? काचा बंद करून अर्धा तास उन्हात ठेवा आणि मग दार उघडून वास घ्या. आत सुगंधाचा मारा केला असेल तर तोही एक पुरावाच. पाण्यात असताना कोणी सेल्फ मारला असेल तर प्रश्न आणखी मोठा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी कनेक्टिंग रॉड वाकवतं.

कोकण-गोव्यात, समुद्राजवळ राहिलेली गाडी असेल तर खारी हवा खालून पत्रा खाते. दाराखालचा उंबरठा आणि चाकांच्या कमानी हातानं चाचपा. गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय हा निर्णय करूच नका.

डिकीत सीएनजीची टाकी असेल तर आरसीवर तिची नोंद आहे का बघा. आणि टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करायची असते, तिची तारीख तपासा.

शब्द : कागद बोलतात ते

किलोमीटरचा आकडा हे शब्दप्रमाण आहे, आणि डिजिटल मीटरचा आकडाही मागे फिरवता येतो. म्हणून तो आकडा गाडीच्या देहाशी ताडून बघा. चाळीस हजार किलोमीटर म्हणताय, आणि ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं चामडं चकचकीत, ड्रायव्हरची सीट बसलेली? मग दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि रबराला खोटं बोलता येत नाही. सर्व्हिसची बिलं मागा, त्यांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात. टायरवर चार आकडे असतात : ‘३५२१’ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. कमी फिरलेल्या २०१८च्या गाडीला चारही टायर नवे का लागले, हा साधा प्रश्न आहे. टायर एकाच कडेनं झिजला असेल तर अलाइनमेंट, किंवा सस्पेन्शनचा वाकलेला भाग.

सेडानच्या बाबतीत आणखी एक. आपल्याकडे टॅक्सी म्हणून सेडान फार चालतात. पूर्वी टॅक्सी असलेली गाडी नंतर खासगी करून घेता येते. आरसीवरचा इतिहास, मालकांची संख्या बघा. कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याची नोंद हवी. चलनं, विमा, पीयूसी बघा. हस्तांतराचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

प्रश्नोत्तरं

*सर, एवढं सगळं आम्हाला कसं जमणार? मेकॅनिकला नेलं तर चालेल ना?*

न्यायलाच हवा. पण कोणता? न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनानं ‘आप्त’ कोणाला म्हणावं हे सांगितलंय. त्याचा आशय असा की त्याला ती गोष्ट खरोखर माहीत हवी, आणि जशी माहीत आहे तशीच सांगायची त्याची इच्छा हवी. दोन्ही अटी. विकणाऱ्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडे पहिली अट असेल, दुसरीची खात्री नाही. तुमच्या चुलतभावाकडे दुसरी असेल, पहिली नाही. त्या मॉडेलवर रोज काम करणारा, तुम्ही पैसे देऊन नेलेला माणूस शोधा. व्यवहार झाला तर कमिशन, असं त्याच्याशी ठरवू नका. गाडी सोडा असं सांगण्याचेही पैसे त्याला मिळायला हवेत.

*दोष निघालाच तर गाडी घ्यायचीच नाही का?*

तसं केलंत तर कुठलीच जुनी गाडी घेता येणार नाही. तीन ढीग करा. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, बुश, लिंक रॉड हे झिजणारे भाग आहेत, त्यांचा खर्च किमतीतून वजा करा. क्लच, ड्राइव्ह शाफ्ट, इंजेक्टर, एसीचा कॉम्प्रेसर यांचा अंदाज गॅरेजकडून लेखी घ्या आणि मग बोला. चासीला बसलेला मार, पुराचं पाणी, हेड गॅस्केट, ऑइल खाणारं इंजिन, गायब एअरबॅग यांना सूट नको, नमस्कार करा. आणि सगळं तपासूनही काही गोष्टी कळणार नाहीत. पहिल्या वर्षासाठी थोडे पैसे बाजूला ठेवूनच गाडीचं बजेट ठरवा.

*विकणारे आमच्या सोसायटीतलेच काका आहेत. एवढं तपासलं तर त्यांना वाईट वाटेल.*

हा खरा अडचणीचा प्रश्न आहे, आणि आपल्याकडे बहुतेक फसगती याच संकोचात होतात. दोन गोष्टी सांगतो.

काका सज्जन आहेत, मान्य. म्हणजे आप्ताची दुसरी अट पूर्ण. पण पहिली? बुश वर्षभरात हळूहळू झिजतो, आवाज रोज किंचित वाढतो. रोज चालवणाऱ्याला तो ऐकूच येत नाही. ‘काही प्रॉब्लेम नाही’ हे काका अगदी मनापासून म्हणतात, आणि तरीही ते खरं नसू शकतं. तुम्ही त्यांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेत नाही आहात, गाडीची घेताय. हे त्यांना असंच सांगा.

दुसरी गोष्ट. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७०मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : घेणाऱ्याला चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. तो बाजारातून निघून जातो, आणि उरतात वाईट गाड्या. म्हणजे न तपासण्यामुळे नुकसान कोणाचं होतं? घेणाऱ्याचं तर होतंच, पण गाडी नीट सांभाळणाऱ्या माणसाचंही होतं. त्याच्या दहा वर्षांच्या काळजीला किंमतच मिळत नाही. तुम्ही सकाळी थंड इंजिन बघायला गेलात, गाडी लिफ्टवर चढवलीत, तर काकांना त्यांच्या गाडीची खरी किंमत सांगू शकणारे तुम्ही पहिलेच असाल.

आणि चार-पाच वर्षांनी तीच गाडी तुम्ही विकायला काढाल. तेव्हा घेणारा येण्याआधी इंजिन गरम करून ठेवू नका. सर्व्हिसची बिलं काढून ठेवा, आणि जे माहीत आहे ते त्यानं विचारण्याआधी सांगा.

पुढच्या वेळी आपण अर्थापत्तीकडे वळू.